मॅनिफोल्डचा गंजलेला बोल्ट: तुटण्याआधी काय करायचं, तुटल्यावर काय

मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग; तो इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, बसवलेला असतो. त्याचे बोल्ट गंजले की काय होतं, त्याची आधी लक्षणं सांगतो, कारण बरेच जण इथेच चुकतात आणि नको ते काम करून घेतात.

सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक आवाज येतो. रेस दिली की टिकटिक तिच्याबरोबर धावते. पाच-दहा मिनिटांत इंजिन तापलं की आवाज मंदावतो किंवा पार जातो. गाडीवाला म्हणतो, "मिस्त्री, टॅपेट वाजतात, सेटिंग करा." टॅपेटही (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) थंडीत वाजू शकतात, म्हणून नुसत्या आवाजावर विसंबू नका. बाकीची चिन्हं बघा. मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो तिथे काजळीचा काळा किंवा राखाडी पट्टा दिसतो का? सिग्नलला उभं असताना एसीतून धुराचा वास येतो का? चेक इंजिनचा दिवा लागलाय का? टर्बो डिझेल असेल तर चढावर ओढ कमी होऊन शिट्टीसारखा आवाज येतो का? यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकतंय, म्हणजे जोडातून धूर निसटतोय, असं समजा. बहुतेक वेळा त्यामागे एखादा सैल झालेला किंवा तुटलेला स्टड (हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, ज्यावर नट आवळतात) असतो.

केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर पुढचं वाचण्याआधी एक करा. काचा खाली घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलांना घेऊन लांबचा प्रवास करू नका. गाडी चालू ठेवून एसीत झोपायचं तर अजिबात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. आपल्याला येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा वास. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं हे गाडी लागल्यासारखं वाटतं आणि माणूस दुर्लक्ष करतो.

माझं गॅरेज गोव्यात पेडणे तालुक्यात आहे. गिऱ्हाईक मोरजी, मांद्रे, हरमल, केरी इथलं: टॅक्सी, भाड्याच्या गाड्या, मासळीचे टेम्पो. समुद्रापासून लांबची, वाळपईकडची गाडी आली तर तिचा नट जुना झाला तरी नटासारखा दिसतो. हरमलला समुद्राच्या तोंडावर उभी राहणारी गाडी चार-पाच वर्षांत अशी होते की नट कुठला आणि गंजाचा गोळा कुठला, हे बोटाने चाचपून ठरवावं लागतं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धातूवर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. केरी-तेरेखोलसारख्या फेरीबोटीवर गाडी चढवताना भरतीचं खारं पाणी खालून उडतं. काही जण गाडी वाळूत उतरवतात. ते बेकायदा तर आहेच, पण खालच्या प्रत्येक नटाचं आयुष्यही त्याने कमी होतं.

पण नुसत्या गंजाने स्टड तुटत नाही. मॅनिफोल्ड बहुतेक वेळा बिडाचा असतो आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. प्रत्येक वेळी गाडी तापते, निवते, आणि हे दोन धातू एकमेकांवर घासत सरकतात. मधल्या स्टडला त्याचा त्रास कमी, टोकाच्या स्टडला सगळ्यात जास्त. म्हणून शोधायला लागाल तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरच्या बाहेरच्या बाजूचे स्टड आधी बघा. थंड असताना फट उघडी असते आणि तापल्यावर धातू फुगून ती दाबली जाते, म्हणून टिकटिक सकाळी असते आणि नंतर जाते.

बिनखर्चाची तपासणी

हे सगळं रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर, उघड्या जागेत करायचं. मॅनिफोल्ड मिनिटभरात हात भाजण्याइतका तापतो, त्यामुळे वेळ थोडा असतो.

सुरुवात टॉर्च आणि छोट्या आरशाने. नट मोजा. जिथे नट असायला हवा तिथे नुसतं भोक दिसलं तर निदान तिथेच झालं. वरचा पत्र्याचा उष्णतारोधक कव्हर हाताने हलवून बघा. त्याचे बारीक बोल्ट गंजून गेले की पत्रा थरथरतो आणि हुबेहूब गळतीसारखा आवाज करतो. अशा गाड्या माझ्याकडे मॅनिफोल्ड उतरवायला म्हणून आल्या आणि एक वॉशर लावून परत गेल्या.

पत्रा घट्ट असेल तर हातभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी धरा, दुसरं जोडाच्या कडेने फिरवा, पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवून. गळती असेल तिथे नळीत फटफट स्पष्ट ऐकू येते. पेट्रोलचा वास कुठेच नाही याची खात्री असेल आणि गाडीला गॅसचं किट नसेल, तर उदबत्ती त्याहून चांगली. जोडाजवळ धरली की गळतीच्या जागी धुराची रेघ झटके खाते. स्पार्क प्लग सैल असला तरी असाच आवाज येतो, म्हणून प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का तेही बघा. प्लग घट्ट करणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि मॅनिफोल्ड उतरवण्यात कधी पूर्ण दिवस जातो.

गळती खालच्या पाइपच्या जोडाला आहे की हेडच्या जोडाला, हे नक्की करा. खालचा जोड असेल तर नशीब चांगलं. तो बोल्ट तुटला तरी बहुतेक गाड्यांत कापून नवा नट-बोल्ट टाकता येतो.

नट सैल दिसला म्हणून लगेच पाना लावून आवळू नका. गंजलेला नट आवळताना स्टड पिळवटतो, आणि तुटतो तो नेमका हेडच्या तोंडाशी. गंज बोल्टला अडकवतो, तोडतो मात्र बहुतेक वेळा घाईतला हात. माझ्याकडे जे तुटके स्टड येतात, त्यांतले बरेच कुणीतरी जोर लावून तोडलेले असतात.

नट सोडवणं: तेल, वेळ, आणि मग पाना

गाडी थंड करा. तारेच्या ब्रशने स्टडचे उघडे आटे घासून चकाकवा. हे महत्त्वाचं आहे, कारण नट बाहेर येताना याच आट्यांवरून येणार. त्यांच्यावर गंजाचा थर राहिला तर सुटलेला नटही अर्ध्यात पुन्हा अडकतो. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० मिळतं आणि चालतं, पण खास गंजासाठी बनवलेली तेलं जास्त चांगली मुरतात. संध्याकाळी मारा, दुसऱ्या सकाळी मारा, पुन्हा संध्याकाळी. दोन-तीन दिवस द्या. प्रत्येक वेळी छोट्या हातोडीने नटाच्या तोंडावर आणि बाजूंवर हलके ठोके द्या. त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं. एवढ्याने बहुतेक नट सुटतात. खर्च तेलाच्या डब्याचा, बाकी सगळा धीर.

चवथीच्या आधी हाच धीर कुणाकडे नसतो. "परवा गाडी पाहिजे" म्हणतात. मी सांगतो, आज तेल मारून देतो, गाडी घेऊन जा, उद्या पुन्हा आण. चालत्या गाडीचं तापणं-निवणंही आपलंच काम करत असतं.

पाना लावताना सहा कोनांची गोटीच (नटावर चढणारा सॉकेट) वापरा. बारा कोनांची गोटी गंजाने झिजलेल्या नटाचे कोन गोल करते. मारुतीसारख्या गाड्यांत एम ८ (८ मिमी जाडीच्या) स्टडवर १२ मिमीचा नट असतो. गंजाने तो बारीक झाला असेल तर ११ मिमीची गोटी हातोडीने ठोकून बसवा. पहिला झटका सोडवण्याच्या दिशेने न देता किंचित आवळण्याच्या दिशेने द्या. फक्त नखाएवढा, जोर न करता. आवळायला जाऊ नका असं मीच वर म्हटलंय. हे आवळणं नाही, गंजाची पकड मोडण्यापुरता धक्का आहे. मग उलट. पाव वळसा सुटला की तेल, पुन्हा थोडं आत, पुन्हा बाहेर. असं पुढेमागे करत आणा. लांब पाइप लावून एकदम ओढू नका. हाताला नट "रबरासारखा" लागायला लागला, म्हणजे पाना फिरतोय पण सुटल्याची कडक जाणीव नाही, तर स्टड पिळवटतोय. तिथेच थांबा. त्या क्षणी थांबलात तर स्टड वाचतो.

तेलाने नाही झालं तर उष्णता. नट लालसर होईपर्यंत तापवला की तो फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पण इथे दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात. पहिली, तेल आणि ज्योत एकत्र नको. मारलेलं तेल पुसून, वाळवून मगच ज्योत. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या जागेवर तर ज्योत किंवा वेल्डिंग नकोच. क्लोरीनवाले क्लीनर तापले की विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. दुसरी, ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतं आणि वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ज्योत नटावरच राहिली पाहिजे, हेडवर नाही. जवळची इंधनाची नळी, वायरिंग आणि ऑक्सिजन सेन्सर आधी बाजूला करा. सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीवर घरी ज्योत पेटवूच नका.

शेवटचा सोपा उपाय म्हणजे नटाचा बळी देणं. नट फोडायचं हत्यार किंवा धारदार छिन्नी लावून नट एका बाजूने चिरा. स्टड बचावला तर तोट्यात काही नाही, नट कितीचा तो.

स्टड तुटला असेल तर

आधी एक प्रश्न विचारा: कसा तुटला? चालत्या गाडीत, तापण्या-निवण्याच्या थकव्याने तुटलेला स्टड आत बहुतेक वेळा तितका अडकलेला नसतो. पाना लावून सोडवताना तुटलेला स्टड मात्र आत इतका धरलेला असतो की आख्ख्या स्टडची ताकद त्यापुढे कमी पडली. पुढचा सगळा निर्णय याच उत्तरावर अवलंबून आहे.

काही भाग बाहेर असेल तर काम सोपं. दोन नट चढतील एवढे आटे असतील तर दोन्ही एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड उलटा फिरवा. आटे गेले असतील तर व्हाइस ग्रिप घट्ट लावा. मॅनिफोल्ड काढल्यावर स्टडच्या बुडाशी तेल मारता येतं, आधी ते तिथे पोचतच नव्हतं. म्हणून इथे पुन्हा एक रात्र द्या. हॉट एअर गनने आजूबाजूचं हेड नुसतं गरम केलं तरी मदत होते, कारण ॲल्युमिनियम स्टडपेक्षा जास्त फुगतं आणि भोक किंचित सैल होतं.

हेडच्या तोंडाशी सपाट तुटला असेल तर माझ्या अनुभवात वेल्डिंग सगळ्यात खात्रीचं. तुटक्या स्टडवर वॉशर, त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून मिग वेल्डिंगने आत भरतात. वितळलेलं लोखंड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे भोकाचे आटे वाचतात, आणि वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या गाभ्यात जाऊन गंज मोडते. लाली उतरली की पुढेमागे हलवत काढायचा. पहिल्यांदा नट उखडला तर पुन्हा लावायचा, तिसऱ्या-चौथ्या वेळी स्टड निघतो. नट बिनमुलाम्याचा हवा. जस्ताचा मुलामा जळून निघणारा धूर छातीला वाईट. वेल्डिंगआधी बॅटरीचं कनेक्शन काढा, नाहीतर ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) धोका. हे काम वेल्डिंग रोज करणाऱ्याच्या हातून करून घ्या. गेटची ग्रिल जोडणं आणि ८ मिमीच्या स्टडवर थेंब बसवणं यात फरक आहे.

वेल्डर मिळत नसेल तर ड्रिल. यात सगळं मध्यबिंदूवर आहे. तुटलेलं तोंड कधीच सपाट नसतं, ड्रिल उतारावरून घसरतं आणि कडक स्टड सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. यावर माझा उपाय: लेथवाल्याकडून मॅनिफोल्डच्या भोकात बसेल असं एक छोटं बुश करून घ्या, मधे ३ मिमीचं भोक. मॅनिफोल्ड शाबूत स्टडवर परत लावा, बुश भोकात घाला आणि त्यातून ड्रिल करा. बुश ड्रिलला मध्यावरच ठेवतं. कमी वेग, तेल, धारदार ड्रिल. उलट्या फिरकीची ड्रिल मिळाली तर तीच वापरा. बऱ्याचदा ड्रिल करता करता स्टड स्वतःच बाहेर येतो. पण आधी शेजारच्या शाबूत स्टडची लांबी मोजून ड्रिलवर टेपची खूण करा. काही हेडमध्ये स्टडचं भोक थेट पाण्याच्या जागेत उघडतं. तिथे खोल गेलात तर कूलंट बाहेर येईल.

टप्प्याटप्प्याने ड्रिल वाढवा. एम ८ × १.२५ (८ मिमी जाडी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) च्या आट्यांसाठी शेवटचं भोक ६.८ मिमीचं. त्यापुढे गेलात तर आटे गेले. मध्यावर असाल तर आट्यांत स्टडची पातळ सालपटं उरतात. ती टोकदार पंचने उचकटा आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. आटे खराब झालेच तर हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग) बसतं. नीट बसवलेलं स्टीलचं हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

इझी आउट म्हणजे तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात ठोकायचं, उलट्या आट्यांचं हत्यार. त्याबद्दल माझं मत कडक आहे. थकव्याने तुटलेल्या, आत सैल असलेल्या स्टडला ते चालतं. पाना लावताना तुटलेल्या स्टडला लावू नका. जो स्टड पूर्ण जाडीचा असताना सुटला नाही, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या हत्याराने कसा सुटेल? शिवाय ते निमुळतं असतं, ठोकलं की स्टडच्या भिंती बाहेर ढकलून तो अजून घट्ट करतं. हत्याराचं स्टील कडक आणि ठिसूळ असतं. ते आत तुटलं की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी असंच एक इझी आउट हरमलच्या एका टॅक्सीच्या हेडमध्ये तोडलं. डिसेंबरचा शेवट, सीझनचे दिवस. हेड उतरवून, मशीन शॉपला नेऊन ठिणग्यांच्या मशीनने तो तुकडा जाळून काढावा लागला. गाडी पाच दिवस उभी राहिली. मशीनचे पैसे मी भरले, पण त्या काकांची नाताळातली कमाई मी भरून देऊ शकलो नाही. ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून असा स्टड दिसला की मी गिऱ्हाइकाला आधी वेल्डिंगचा खर्च सांगतो, मगच हात लावतो.

इथे थांबा

ड्रिल सरळ धरायला जागा नसेल, म्हणजे स्टड फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला असेल, तर घरी प्रयत्न करू नका. हाताने तिरकी धरलेली ड्रिल हेड वाया घालवते. इझी आउट किंवा टॅप आत तुटला तर लगेच हत्यारं खाली ठेवा. त्यावर अजून ठोकाठोक केली की मशीनवाल्याचं काम दुप्पट होतं. स्पार्क इरोजनचं, म्हणजे वर सांगितलेलं ठिणग्यांचं, मशीन साध्या गॅरेजमध्ये नसतं, वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत टूलरूम आणि मशीन शॉपकडे विचारावं लागतं. टर्बो डिझेलमध्ये मॅनिफोल्डबरोबर टर्बोच्या तेलाचे पाइप येतात, तेही जाणकाराकडे द्या. गाडी वॉरंटीत असेल तर पहिला पानाही लावू नका. आणि तीनपेक्षा जास्त स्टड तुटलेले असतील तर हेड उतरवून टेबलावर काम करणं शेवटी स्वस्त पडतं.

परत बसवताना

मॅनिफोल्डचं तोंड सरळ पट्टी लावून तपासा. पट्टीखाली ०.१ मिमीची फीलर पट्टी सहज शिरत असेल तर मॅनिफोल्ड वाकलाय. तो मशीनवर फेस (सपाट) न करता नवं पॅकिंग घातलंत तर टोकाचे स्टड पुन्हा तुटतील. वारंवार स्टड तुटणाऱ्या गाड्यांत हे न तपासणं हेच मूळ कारण सापडतं. भरपावसात तापल्या मॅनिफोल्डवर डबक्यातलं पाणी उडून तडा गेलाय का, तेही याच वेळी बघा.

स्टड आणि नट सगळेच नवे घ्या, कंपनीचे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट या उष्णतेसाठी नसतो. आट्यांना तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे अडकू न देणारा लेप) पातळ लावा. साधं ग्रीस जळून जातं आणि उरलेली काजळी उलट आटे धरते. अँटी-सीझ ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका. सिलिकॉनने जोड भरू नका, इथे ते टिकत नाही. नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. आणि लक्षात ठेवा, अँटी-सीझ लावलेला आटा कमी जोरात जास्त आवळला जातो.

पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर मॅनिफोल्डवर सांडलेलं तेल जळून थोडा धूर येईल. गाडी बाहेर उभी करून, बॉनेट उघडं ठेवून तो जाऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी थांबला नाही तर तेल कुठून गळतंय ते बघा. दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर, सकाळी पूर्ण थंड असताना, सगळे नट टॉर्क पान्याने एकदा तपासा, आणि उदबत्ती पुन्हा जोडाच्या कडेने फिरवा.